बारक्या हाताचं कुंकू

विश्वास ठेवायचा तर ठेवा, न्हाईतर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेली नाही.

पण हे घडलंय.

माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. यात रात्र नाही, अमावस्या नाही, ओसाड विहीर नाही. भर दुपार होती, गेल्या डिसेंबरातली. डोक्यावर लख्ख ऊन, चारी बाजूंना समुद्र आणि आजूबाजूला टोप्या घालून सेल्फी काढणारी माणसंच माणसं.

बेटाचं नाव मी सांगणार नाही. क्रूझचंही नाही. उगाच कुणीतरी हौसेनं बघायला जाईल.

माझी थोरली बहीण क्रांती. तिला कसबा बावड्यात दिलीय. घरचा ऊस, दारात म्हशी, दुधाचा धंदा. आमचे दाजी विजयसिंह म्हणजे पहाटे गोठ्यात आणि रात्री शेतात. ताईचा दीर धैर्यशील मात्र पुण्यात मोठ्या कंपनीत. त्याची बायको स्वप्नाली आणि त्यांची बालवाडीतली पोरगी तेजू.

आता माझी बहीण आहे म्हणून झाकून सांगणार नाही. ताई स्वप्नालीवर जळायची. चांगली धगधगून जळायची.

आणि का जळू नये?

सासूबाईंचं, म्हणजे बाळाबाईंचं, खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा अंथरुणातलं सगळं ताईनं काढलं. स्वप्नाली पुण्याहून आली, फळं ठेवली, सासूच्या कपाळावरनं हात फिरवला आणि परत गेली. पुढं महिनाभर सासूच्या तोंडात काय? "बारकी किती लांबनं आली बाई मला बघायला!"

घरात एक जुना कोल्हापुरी साज आहे. तो थोरल्या सुनेचा, हे सगळ्या भावकीला ठाऊक. लग्न झाल्यापासून ताई त्याची वाट बघत होती. गेल्या दिवाळीत बाळाबाईंनी तो काढला आणि सगळ्यांदेखत स्वप्नालीच्या गळ्यात घातला.

वर ताईला म्हणाल्या, "तिला हौस हाय गं. तू काय म्हशींच्यात घालून हिंडणार हाईस?"

ताई हसली. मग परड्यात जाऊन शेणाची पाटी अशी आपटली की म्हैस बिथरली.

त्यानंतर ही क्रूझ. धैर्यशीलनं सगळ्यांना मुंबईहून समुद्रात न्यायचं ठरवलं. दाजी म्हणाले, "मी येतो, पण म्हशी काय बोटीवर बांधू व्हय?" त्यामुळं ताई एकटीच. तिला आणि सासूला मिळून एक केबिन. बिनखिडकीची. भिंतीवर समुद्राचं चित्र होतं, तेवढाच समुद्र. आणि धैर्यशील-स्वप्नालीला गॅलरीवाली खोली.

रात्री जेवायला स्वप्नाली गाऊन घालून आली. गाऊनवर साज! लोक वळून वळून बघत होते.

"लई ग्वाड दिसतीया माझी बारकी," बाळाबाई म्हणाल्या.

ही झाली आदली रात्र. आता त्या दिवसाचं सांगते.

सकाळी क्रूझ समुद्रातच थांबली आणि छोट्या बोटींनी सगळ्यांना बेटावर सोडलं. बेटावर जुना किल्ला. तट शाबूत, आत मोडकी घरं, गोड्या पाण्याचं टाकं आणि एक मोठा वड. बेट दाखवणारा गाईड होता शाहबाज, चाळिशीतला, टक्कल पडलेला. ताईचं बोलणं कानावर पडलं तसा तो थबकला.

"पावणं कुठलं म्हणायचं?"

"कोल्हापूर. कसबा बावडा."

"अरं तिच्या! मी कुरुंदवाडचा की!"

मग काय, त्यानं आमच्या माणसांना अगदी पुढं घेतलं. तो सगळ्यांना "माझं कोल्हापूरकर" म्हणायला लागला आणि उतरल्या उतरल्या मोजलंही. "कोल्हापूरकर पाच. ध्यानात ठेवतो."

महादरवाजातून आत गेलं की डाव्या हाताला एक उभा दगड आहे. त्यावर दोन हात कोरलेत. कोपरापासून वर केलेले, तळवे उघडे, मनगटात काकणं. एक हात मोठा. त्याला खेटून एक बारका.

"किल्लेदाराच्या घरच्या दोघी सुना, असं सांगत्यात," शाहबाज म्हणाला. "मोठा हात थोरलीचा, बारका धाकटीचा. दोघी जावा एकाच दिवशी गेल्या. कशा, का, ते कुणाला म्हाईत न्हाई. चला, फुडं वडाखाली सावली हाय."

बाकीचे लोक फोटो काढून पुढं सरकले. पण काकणं भरलेला हात बघून आमच्याकडची बाई तशीच पुढं जाईल व्हय? पर्समध्ये करंडा असतोच. ताईचा पितळी करंडा, एका खणात हळद, एका खणात कुंकू. कोल्हापुरातनं निघताना तिनं तो काठोकाठ भरून घेतला होता. हे लक्षात ठेवा.

तिनं मोठ्या हाताला हळद लावली. कुंकू लावलं. नमस्कार केला.

बाळाबाई काठी टेकून मागं उभ्या होत्या. "बारकीलाबी लाव."

"लावतीया की, आत्ती."

"खरं तर आदी बारकीला लावायचं हुतंस. बारकीचं मन नाजूक असतंय. थोरलीनं काय, समजून घ्यायचं असतंय."

झालं. ताईच्या डोक्यात तिडीक गेली.

दगडातसुद्धा बारकीचेच लाड!

तिनं करंड्याचं झाकण खटकन लावलं. "कुंकू संपलं, आत्ती."

"आत्ता गं बया! एवढ्यात?"

"संपलं म्हणतीया न्हवं."

आता तुम्हाला सांगायला नको. दोघी शेजारी उभ्या असताना एकीला कुंकू लावायचं आणि दुसरीला तसंच ठेवायचं, असं आपल्यात कुणी वैरिणीलाही करत नाही. ताईला हे ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर केलं.

बाळाबाई पुढं निघाल्या, त्यांच्या मागनं ताईही वळून चालायला लागली.

बाहेर तटावर लाटा आदळत होत्या. त्यांचा आवाज एकदम बंद झाला...

आणि मागं काकणं वाजली.

किण्ण...

एकाच हातातली.

ताईनं मागं बघितलं. दगड. ऊन. कुणी नाही. मग लाटांचा आवाज पुन्हा सुरू झाला. पुढं चाललेल्या सासूचीच काकणं वाजली असतील, असं म्हणून तिनं सोडून दिलं.

वडाखाली सगळे टेकले. धैर्यशीलनं फोन काढला. "चला, घरच्या बायकांचा एक फोटो!" एका बाजूला ताई, एका बाजूला बाळाबाई, पुढं तेजू आणि मधोमध स्वप्नाली. मधे तीच असणार, दुसरं कोण!

"झकास आलाय," म्हणत धैर्यशीलनं फोन ताईपुढं धरला.

ताईनं बघितलं.

ताई होती. सासू होती. तेजू होती.

मधे जागा होती. एक माणूस मावेल एवढी... त्या जागेतनं मागचं टाकं दिसत होतं.

"भावजी, ह्यात..."

"मस्त न्हाई? तुम्ही तर लई फ्रेश दिसताय, वैनी."

ताईनं पुन्हा बघितलं. उन्हात नीट दिसत नसेल, असं तिला वाटलं. पण मनात दुसरंही काहीतरी वाटलं. तिनंच मला नंतर सांगितलं. म्हणाली, "खोटं कशाला बोलू? एक तरी फोटू तिच्याबिगर आला म्हणून बरं वाटलं."

एक बाई कोकमाचं सरबत विकत होती. तिनं पेले पुढं ठेवले. चार.

"मावशी, एक राहिला की," स्वप्नाली म्हणाली.

बाईनं फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागली.

"ओ मावशी! पुण्याची म्हणून पाजत न्हाई व्हय मला?" स्वप्नाली हसून म्हणाली.

कुणी हसलं नाही. धैर्यशीलनं आपला पेला उचलला, तोंडाला लावला आणि बायकोच्या चेहऱ्यातनं आरपार समुद्राकडं बघत राहिला.

"अहो," स्वप्नाली म्हणाली.

तो बघत राहिला.

"अहो... चेष्टा पुरे आता."

ताईनं तिच्याकडं बघितलं. स्वप्नालीच्या कपाळावर टिकली नव्हती. सकाळी होती, ठसठशीत लाल. आता कपाळ कोरं. कुणाही बाईची टिकली पडलेली दिसली की आपण पटकन सांगतो, रस्त्यावरच्या अनोळखी बाईलाही सांगतो. ताईच्या ओठावर आलं होतं.

सांगितलं नाही.

मनात म्हणाली, बघू दे तिला जरा, कुणी ढुंकून न बघितल्यावर कसं वाटतं ते.

तेवढ्यात बाळाबाईंनी ताईचा हात हातात घेतला. कधी घ्यायच्या नाहीत. कुरवाळत म्हणाल्या, "क्रांती, तू साज का गं घालत न्हाईस?"

ताईला कळेना. "कुठला साज, आत्ती?"

"कुठला म्हंजे? तुला दिलाय न्हवं मी दिवाळीत? थोरल्या सुनंचा मान हाय त्यो. माझं समदं तूच केलंस, तुला न्हाई तर कुणाला देऊ?"

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढ्या वर्षांत हे वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते. धैर्यशीलनंही री ओढली. "खरंय. वैनी हायत म्हणून घर हाय."

ताईनं स्वप्नालीकडं बघायला हवं होतं.

तिनं सरबत प्यायलं. सावकाश, चव घेत. नंतर मला म्हणाली, असं गोड सरबत जन्मात प्यायले नव्हते.

थोड्या वेळानं स्वप्नाली टाक्याच्या कट्ट्यावर एकटीच जाऊन बसलेली दिसली. अंगाची मुटकुळी करून. तिचा रंग उडाल्यासारखा दिसत होता, सारखी धुऊन विटलेली साडी असते तसा. तिच्या पायाशी सावली नव्हती. कट्ट्याची होती, वडाची होती...

तिनं हाक मारली. आवाज लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा.

"अक्का... मी हाक मारली तर कुणी बघंना झालंय. तेजूबी बघंना. तुमास्नी तरी मी दिसतीया न्हवं?"

ताईला ती दिसत होती.

ऐकूही येत होतं.

दोघींची नजरानजर झाली. आणि माझ्या बहिणीनं... मान फिरवली.

एवढंच केलं तिनं. एक क्षण. सासूचा हात हातात होता, तो सोडवेना तिला.

किण्ण... किण्ण...

ह्या वेळी काकणं अगदी कानाशी वाजली. ताईनं दचकून कट्ट्याकडं बघितलं.

कट्टा रिकामा.

उन्हानं तापलेला दगड आणि त्यावर एक वाळकं पान. ताई उठली, कट्ट्याला वळसा घालून आली. टाक्यात वाकून बघितलं. हिरवं पाणी, जराही हललेलं नाही.

आणि तिच्या साडीला कुणीतरी ओढलं. तेजू.

"आई, तहान लागली."

"मी काकू हाय गं. तुझी आई कुठाय?"

पोरीनं मान वर केली. तिला प्रश्नच कळला नाही. डोळे निवांत, जराही घाबरलेले नाहीत.

"तूच की आई."

त्या उन्हात ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. सरबताचा सगळा गोडवा घशाशी येऊन कडू झाला. आईला हाका मारून रडणारं पोर तिनं हजार वेळा बघितलं असेल. पण आई नाहीशी झालीय आणि पोराला त्याचा पत्ताच नाही, हे तिच्यानं बघवेना. जळणं गेलं, साज गेला.

तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. परत जायची वेळ.

धक्क्यावर एकच गर्दी. शाहबाज प्रत्येकाला हात देऊन बोटीत घेत होता. "या या, माझं कोल्हापूरकर! चारीच्या चारी आलं न्हवं?"

"चार?" ताई ओरडली. "पाच! सकाळी तुम्हीच मोजलं की पाच!"

शाहबाज हसला. "वैनी, ऊन लागलं काय? पहिल्यापासनं चारच की."

"भावजी, स्वप्नाली कुठाय?"

धैर्यशील तेजूला लाइफ जॅकेट चढवत होता. बंद ओढता ओढता त्यानं विचारलं...

"कोण स्वप्नाली?"

ताईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती. बाळाबाई बोटीत बसून पदरानं वारा घेत होत्या, त्यांच्या तोंडावरही काही नव्हतं. बायको, सून, आई, सगळं एका दिवसात पुसलं गेलं होतं. आता ह्या भल्यामोठ्या जगात स्वप्नाली फक्त एकीला आठवत होती. जिला ती डोळ्यांसमोर नको होती तिला.

"माझं काहीतरी राहिलंय," म्हणत ताईनं बोटीतनं धक्क्यावर उडी टाकली.

"वैनी! बोट सुटंल!"

ती पळत सुटली. नऊवारी नेसून रानात पाणी पाजणारी बाई ती, पळायला कमी नव्हती. सगळी माणसं खाली उतरत होती, ही एकटीच वर. महादरवाजात पोचली तेव्हा आत कुणी नव्हतं. लाटांचा आवाज पुन्हा बंद झाला होता...

दगड समोर होता.

बारका हात ओला होता. पाणी नव्हे. रडून पुसलेल्या तळव्यासारखा ओला.

"चुकले गं बाई," ताई म्हणाली. "तुझ्यावर कशाचा राग काढला मी! लावते. आत्ता लावते." आणि करंडा उघडला.

करंडा जवळजवळ रिकामा होता. हळदीचा खण तर पुरता कोरडा.

काठोकाठ भरलेला करंडा! सकाळी एकदाच बोट बुडवलेलं. "कुंकू संपलं" असं ती खोटंच म्हणाली होती... ते खरं झालं होतं. कुंकवाच्या खणात तळाला बोटाला लागेल एवढीच चिमूट उरली होती. एकीच्या पुरतीच.

आणि तेव्हा तिनं मोठ्या हाताकडं बघितलं.

सकाळी लावलेलं हळदकुंकू तिथं नव्हतं. डागही नाही. कधी लावलंच नव्हतं इतका कोरा दगड.

दोन कोरे हात. एक चिमूट.

खाली भोंगा वाजला. दगडाच्या मागं काकणं वाजायला लागली, आता दोन्ही हातांची. एक डावीकडनं, एक उजवीकडनं. जवळ येत.

अर्धं अर्धं करावं, असं तिच्या मनात आलं. पण करंड्यात बोट घातलं आणि कळलं, एवढ्यात अर्धं होणार नाही. हात थरथरला तर तेही सांडेल.

मग ती मोठ्यानं म्हणाली. तिला वाटलं, थोरली ऐकतेय.

"थोरली बाई, हे हिला देते. हिचं लेकरू खाली बोटीत हाय. तू आणि मी थोरल्या. आपण समजून घ्यायचं."

आणि ती सगळी चिमूट तिनं बारक्या हाताला लावली.

मग स्वतःच्या कपाळाची टिकली काढून मोठ्या हाताला चिकटवली. तेवढं तरी. टिकली बसली... आणि पडली. पुन्हा लावली. पुन्हा पडली. दगड टिकली धरेना.

"अक्का!"

ताई गर्रकन वळली.

दरवाजात स्वप्नाली उभी होती. कपाळावर ठसठशीत लाल टिकली, पायाशी काळीभोर सावली. धाप लागलेली.

"अहो कुठं गेलता? सगळी बोट खोळंबलीया तुमच्यासाठी!"

ताईनं तिला जी मिठी मारली ती सोडेचना. ओक्साबोक्शी रडली. स्वप्नाली आधी बावरली. मग हळूच म्हणाली, "अक्का, मगाशी मी लई भ्याले हुते. का ते आठवंना. एवढंच आठवतंय की मी तुमास्नी हाक मारली आणि तुम्ही बघून मान फिरवली."

"चुकलं माझं," ताई म्हणाली. "पुन्यांदा न्हाई फिरवणार."

दोघी हातात हात घालून खाली आल्या. धैर्यशील बायकोवर खेकसला, "कुठं हुतीस गं?" तेजू "आई" म्हणत स्वप्नालीला बिलगली. सगळं जिथल्या तिथं. बाळाबाई म्हणाल्या, "बारके, ऊन लागंल, पदर घे डोक्यावर," आणि माझ्या बहिणीला आयुष्यात पहिल्यांदाच त्या वाक्याचा आनंद झाला.

शाहबाजनं पुन्हा मोजलं.

"कोल्हापूरकर... चार. सुटा आता!"

"चार कसं?" स्वप्नाली म्हणाली. "पाच! अक्कास्नी धरलंच न्हाई व्हय?"

शाहबाजनं ताईकडं बघितलं. डोळे बारीक करून, उन्हात बघतात तसं. मग कपाळावर हात मारला. "अरं व्हय की! माफ करा वैनी, दिसलाच न्हाई तुम्ही."

सगळे हसले.

ताई हसली नाही. ती किल्ल्याकडं बघत होती. तिनं कपाळाला हात लावला. कपाळ कोरं होतं.

आता पुढचं सांगते, कारण पुढचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

संक्रांतीचं हळदीकुंकू ताईच्याच घरी होतं. मी कळंब्याहून गेले होते. शेजारची बाई करंडा घेऊन एकेकीला लावत आली. मला लावलं. माझ्या शेजारी ताई बसली होती, तिला ओलांडून पुढच्या बाईला लावलं. यजमानीणच राहिली! आम्ही हसलो. ताईचा चेहरा बघून माझं हसू थांबलं.

मग एकदा दाजी गोठ्यातनं आले. ताईनं त्यांच्या हातात चहा दिला. त्यांनी तो प्यायला, कप ठेवला आणि हाक मारली, "घरात कोण हाय का?" ती समोर उभी होती.

आधी आम्ही विसरणाऱ्यांच्या वयावर घातलं, विसरभोळेपणावर घातलं. खरं मानेपर्यंत उन्हाळा सरला. तोवर समुद्र खवळला आणि बेटाकडं जाणाऱ्या बोटी बंद झाल्या.

एक माणूस मात्र तिला एकदाही विसरलेलं नाही. स्वप्नाली. रोज सकाळी पुण्याहून व्हिडिओ कॉल. "अक्का, कपाळ दाखवा." सुट्टी मिळाली की येते, स्वतःच्या हातानं ताईला हळद लावते, कुंकू लावते. मग आठवडाभर बरं असतं. गेल्या खेपेला तिनं साज आणला आणि ताईच्या गळ्यात घातला.

"हा काढायचा न्हाई," म्हणाली. "गोठ्यातबी घालून जायचं. म्हंजे माणसांची नजर जाईल तुमच्याकडं."

ताई मला म्हणाली, "बघ की, ज्याच्यासाठी एवढी जळले त्यो गळ्यात आला, आणि बघायला कुणी न्हाई."

परवा स्वप्नालीनं एक फोटो पाठवला. ताईच्या दारातला. बाळाबाई आहेत, तेजू आहे, स्वप्नाली आहे.

आणि बाळाबाईंच्या शेजारी, माणसाच्या गळ्याच्या उंचीवर... साज आहे.

छान दिसतोय. बाकी तिथं मागची भिंत आहे.

पाऊस ओसरला की दोघी जावा बेटावर जाणार आहेत. स्वप्नालीनं डझनभर करंडे भरून ठेवलेत. काल तिनं धैर्यशीलला सांगितलं, "बोटीची दोन तिकिटं काढा."

तो म्हणाला, "एक तुझं. दुसरं कुणाचं?"

स्वप्नालीनं नाव सांगितलं. तो म्हणाला, "कोण?" तिनं पुन्हा सांगितलं. शेवटी तिनं दोन्ही तिकिटं स्वतःच काढली.

हे सगळं मला तिनं फोनवर सांगितलं. रडत होती. आणि मी, सख्खी बहीण, एका ताटात जेवलेली, फोन कानाला लावून गप्प बसले होते.

कारण मला नाव आठवत नव्हतं.

आत्ताही वर जाऊन वाचून आले. क्रांती.

तुम्ही एवढं वाचलंत, तर एकदा मोठ्यानं म्हणा. क्रांती. बोटी सुरू व्हायला अजून अवकाश आहे... आणि स्वप्नालीला एकटीला किती दिवस जमेल, मला माहीत नाही.